दुसरा फ्लॅश

"फोटूवाले म्हणतायसा आणि पोरीचा फोटू न्हाय?" हवालदारानं पेन टेबलावर ठेवला. "चेष्टा करायला आलायसा व्हय?"

मी चेष्टा करायला आलो नव्हतो. अठ्ठ्याण्णव सालच्या सोळा ऑगस्टची सकाळ होती, रविवार. माझी मुलगी दीप्ती आदल्या दिवशी सकाळी सात वाजता घरातून गेली होती आणि अजून परत आली नव्हती. एकोणीस वर्षांची पोर. माझी बायको शालन रात्रभर उंबऱ्यावर बसून होती. आणि हा माणूस माझ्याकडं फोटो मागत होता, जो माझ्याकडं नव्हता.

मी आकाराम कांबळे. राहायला गडमुडशिंगीला, धंदा कोल्हापुरात. दीप्ती जन्मली त्या वर्षी मी गाळा घेतला आणि दारावर पिवळ्या अक्षरात रंगवून घेतलं, 'दीप्ती फोटो स्टुडिओ'. वीस वर्षांत अर्ध्या शहराची जावळं, बारशी, साखरपुडे, लग्नं मी काढली. म्हाताऱ्या माणसांना पोरं हाताला धरून आणायची, 'एक चांगला काढून ठेवा' म्हणायची, आणि तो फोटो कुठं लागणार हे म्हाताऱ्यालाही ठाऊक असायचं. इतक्या लोकांचे चेहरे माझ्या कपाटात पडून होते. बोर्डावर जिचं नाव तिचा एकही नव्हता.

"बरं, वर्णन तरी सांगा," हवालदार म्हणाला. "रंग?"

"सावळा."

"उंची?"

"माझ्या खांद्याला लागती."

"चेहरा गोल का उभा? काय खूण? तीळबीळ?"

तीळ होता. हनुवटीजवळ. उजवीकडं की डावीकडं ते मला सांगता येईना. आयुष्यभर निगेटिव्ह उलटसुलट करून बघितलेली, माझ्या डोक्यात सगळ्यांचेच तीळ दोन्ही बाजूंना असतात. मी हनुवटीवर हात फिरवत उभा राहिलो आणि मला स्वतःची अशी किळस आली की तिथंच खाली बसावं वाटलं.

"कुणाबरोबर गेली?"

"कुणाबरोबर न्हाय."

"आसं समदीच म्हणत्यात," तो म्हणाला. वाईट बोलायचं म्हणून नाही, रोजचं म्हणून. "फोटू आणा. फोटू असला की गाडीवाल्यास्नी, स्टँडवर, सगळीकडं धाडता येतोय. त्याबिगर मी शोधू काय? पांढरा ड्रेस?"

पांढरा ड्रेसच तर घात होता. शनिवारी पंधरा ऑगस्ट. दीप्ती कॉलेजला झेंडावंदनाला जातो म्हणून निघाली होती. एरवी मीच तिला स्कूटरवरून सोडायचो आणि आणायचो, रोज, दोन वर्षं, तिच्या मैत्रिणी तोंडावर ओढणी घेऊन हसायच्या तरी. पण पंधरा ऑगस्टला मला दोन शाळा आणि एका कारखान्याच्या झेंडावंदनाचे फोटो असतात. म्हणून त्या एका दिवशी ती एकटी बसनं गेली. संध्याकाळी मी मोठ्या स्टँडवर, रंकाळ्याच्या स्टँडवर, दिसेल त्या कंडक्टरला विचारत फिरलो, 'पांढऱ्या पंजाबी ड्रेसातली मुलगी बघितली का?' एकजण म्हणाला, "पावणं, आज समद्याच पोरी पांढऱ्यात हायत की." आणि खरंच, तो बोलत असताना त्याच्या मागून तशा चारजणी गेल्या. चारही वेळा माझं काळीज उडालं.

कॉलेजच्या ओळखपत्रावर तिचा एक फोटो होता, पण ते तिच्याच पर्समध्ये. प्रवेशाच्या अर्जावर एक होता, पण कॉलेजला कुलूप आणि किल्लीवाला कारकून गावाला. निगेटिव्ह मी कापून जाळली होती. होय, मीच. अर्जाला लागतील तेवढ्या मोजून प्रती काढायच्या आणि निगेटिव्ह जाळायची, असा माझा स्वतःच्या पोरीपुरता नियम होता. का, ते सांगतो.

एक्याण्णव साली बाळासो नावाचे एक शेतकरी त्यांच्या मुलीला घेऊन आले होते. संयोगिता तिचं नाव. स्थळांना दाखवायला फोटो हवा होता. दोन म्हशींचं दूध घालून ते तसेच आले होते, धोतराला शेण होतं, पण पोरीला नवी साडी होती. दुपारचं ऊन खिडकीच्या पडद्यातून गाळून आलेलं, पोरगी जरा लाजलेली, आणि मला असा फोटो मिळाला की आयुष्यात तसे चार-पाचच मिळतात. मला तो फोटो माझा वाटला. मी तो मोठा केला आणि न विचारता दुकानाच्या दर्शनी काचेत लावला.

महिनाभर एक इसम रोज त्या काचेपुढं उभा राहायचा. मला वाटायचं, काय दर्दी माणूस आहे! मी एकदा त्याला आत बोलावून चहासुद्धा पाजला. त्यानं सहज विचारलं, कुठली हो ही? आणि मी गाव सांगितलं. सांगताना छाती फुगली होती माझी.

मग तो तिच्या गावच्या बसथांब्यावर उभा राहू लागला. एक दिवस त्यानं भर रस्त्यात तिचा हात धरला. गावात व्हायची ती चर्चा झाली, आणि चर्चा त्याची नाही, तिची झाली. बाळासोंनी तिचं कॉलेज सोडवलं आणि आलेल्या पहिल्या स्थळाला, वयानं चांगल्याच मोठ्या माणसाला, देऊन टाकली. लग्नाचे फोटो काढायला मला बोलावलं नाही. त्याआधी ते दुकानात आले, आत न येता बाहेरूनच काचेवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "तुमच्या पोरीचा लावला असतासा व्हय हितं?"

दीप्ती तेव्हा बारा वर्षांची होती. तिचाच पाचव्या वाढदिवसाचा एक फोटो त्या काचेत कोपऱ्यात होता. मी तो त्याच दिवशी काढला. मग घरातले काढले, शालनच्या पेटीतले काढले, निगेटिव्ह शोधल्या. वेड लागल्यासारखं झालं होतं मला. शालन म्हणाली, "अहो, ल्हानपणचं तरी ठेवा की." मी ठेवले नाहीत. लहानपणचे फोटो पोलिसांना तसेही उपयोगाचे नव्हते म्हणा, पण आई म्हणून तिला बघायला राहिले असते.

आता चौकीच्या बाहेर बाकावर शालन बसली होती. सूतगिरणीची पाळी बुडवून, काल नेसलेल्याच लुगड्यात.

"काय म्हणाला?"

"फोटो मागतोय."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "एक बी न्हाय का वो?" असं तिनं विचारलं, जसं काय मी कुठंतरी एखादा लपवून ठेवला असेन. तेव्हा मला निगेटिव्हचं कपाट आठवलं.

कारण दीप्ती माझ्या फोटोत होती. शेकडो फोटोत होती. फक्त तिचे म्हणून ते नव्हते.

बारावी झाल्यापासून मी तिला लग्नांच्या कामाला बरोबर न्यायचो. शालन पाळीवर, घरी पोरगी एकटी, त्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर बरी. कॉलेजची सहल म्हटली की मी नाही म्हणायचो. कोकणातली नाही, नृसिंहवाडीची एका दिवसाचीसुद्धा नाही. मी स्वतः उभा जिल्हा एकट्यानं फिरलो होतो, गाडी चुकली तर कॅमेऱ्याची बॅग उशाला घेऊन स्टँडवर झोपलो होतो, आणि जेवताना त्याच्या गोष्टी तिलाच तिखटमीठ लावून सांगायचो. गगनबावड्याला धुकं दारातून घरात येतं, चुलीपर्यंत येतं, समोरच्या माणसाचे फक्त पाय दिसतात, हे मी किती वेळा सांगितलं असेल. ती घास हातात धरून ऐकायची. एकदा म्हणाली, "आण्णा, मला दावा की एकदा." मी म्हणालो, लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा. जग कसं आहे हे मला माहीत होतं ना! संयोगिताचं मी बघितलं होतं. म्हणून माझी पोरगी फक्त माझ्याबरोबर, मांडवात, चारशे माणसांत, माझ्यापासून दहा पावलांवर.

तिचं काम दुसरा फ्लॅश धरायचं. मोठा ग्रुप असला की कॅमेऱ्यावरचा एक फ्लॅश पुरत नाही, मागच्या रांगेतले लोक काळे येतात. म्हणून लोखंडी दांडीवर बांधलेला दुसरा फ्लॅश एकानं ग्रुपच्या कडेला, रांगेला अगदी लागून, डोक्याच्या वर दोन्ही हातांनी धरायचा. जड असतो. हात खाली आला की मागची रांग गेली. त्यामुळं मी सारखा ओरडायचो, दीप्ती, हात वर! कार्यालयं लहान, माणसं चाळीस, म्हणून भिंग रुंद लावावं लागायचं आणि कडेला उभी असलेली ती चौकटीत यायची. लॅबला मी सांगून ठेवलं होतं, उजवीकडची पोरगी कापायची. लोकांच्या अल्बममध्ये ती कधीच गेली नाही. पण निगेटिव्हमध्ये ती होती.

रविवार, लॅब बंद. रंगीत निगेटिव्हवरून माझ्या डार्करूममध्ये काळा-पांढरा फोटो काढता येतो. चेहरा जरा करडा येतो पण ओळखू येतो. शालनला दुकानातल्या फोनजवळ बसवलं. मी आत जाऊन लाल दिवा लावला आणि त्या हंगामाची पाकिटं उलटी केली. घाईत पट्ट्या जमिनीवर सांडल्या. वीस वर्षांत मी कधी निगेटिव्हला बोटाचा डाग लावला नव्हता, त्या दिवशी सगळ्या बरबटल्या. एकात तिची पाठ, एकात नुसता हात, एकात डोळे मिटलेले. शेवटी मे महिन्यातल्या एका लग्नाची पट्टी भिंगाखाली धरली. फॅमिली ग्रुप, चार चौकटी, आणि चारहीत उजव्या कडेला ती, तोंड सरळ कॅमेऱ्याकडं. मला एवढा आनंद झाला की मी मोठ्यानं हाक मारली, "शालन, हाय गं हाय!"

चाळीस माणसं सोडून दिली आणि तेवढीच कडा मोठी करून कागदावर घेतली. कागद औषधात टाकला.

फोटो उगवताना आधी काळं उगवतं. तिचे केस आले. भुवया आल्या. हनुवटीचा तीळ आला, डावीकडं होता. 'डावीकडं, डावीकडं' असं मी स्वतःशी म्हणत होतो. मग डोळे आले, आणि मला वाटलं फ्लॅशमुळं ताणलेत. मग खालचा भाग आला. दोन्ही हात वर असल्यामुळं तिची ओढणी सरकली होती. आणि तिच्या कुशीवर एक हात होता.

मला आधी वाटलं सुरकुती आहे. मी ट्रे हलवला. हात होता. पुरुषाचा, मनगटावर घड्याळ, बोटात जाड अंगठी. रांगेतल्या शेवटच्या माणसाचा. बोटं रुतलेली होती. आणि वर त्या माणसाचं तोंड, ग्रुप फोटोत असावं तसं, हसरं.

मी त्या माणसाला ओळखत होतो. नवरीचे मामा. त्या घरची तिन्ही लग्नं मीच काढली होती. आम्हा दोघांना जेवायला बसवताना ते स्वतः वाढायला उभे राहायचे, "पोरीला वाढा, दमलीया" म्हणायचे. माणूस म्हणजे किती साधा, असं मी शालनला सांगितलं होतं.

बाकीच्या तीन चौकटी मी काढल्या. कशासाठी काढल्या? एक पुरेशी नव्हती का? पहिलीत हात नाही. दुसरीत तिच्या पाठीवर. तिसरीत दीप्तीचा फ्लॅश छातीपर्यंत खाली आलेला, एका हातात कलंडलेला, दुसऱ्या हाताचं कोपर ती मागं ढकलतेय, आणि मागची रांग काळी. चौथीत, म्हणजे मी आज सगळ्यात आधी कागदावर घेतली त्यात, फ्लॅश पुन्हा वर.

तिसरी आणि चौथीच्या मधलं मला आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मी भर मांडवात ओरडलो होतो, "ए, हात खाली का घेतलास? मागची रांग मेली की! हात वर धर, जेवली न्हाईस व्हय?" लोक हसले होते. आणि तेच मामा म्हणाले होते, "असू दे वो, पोर हाय." मग मी म्हणालो, सगळ्यांनी इकडं बघा, आणि काढला.

त्यानंतर ती म्हणाली होती, मी लग्नाच्या कामाला येणार न्हाय. मी विचारलं का, तर म्हणाली, न्हाय यायचं. मला वाटलं कॉलेजात गेली, बापाचं काम हलकं वाटायला लागलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या लग्नाला घेऊन गेलो.

डार्करूमच्या फरशीवर मी बसलो होतो. ओरडायचं होतं पण दाराच्या पलीकडं शालन होती. मग सोळा तारीख आठवली, स्टँड आठवले. पोरगी अजून सापडायची होती आणि फोटो एवढाच होता. मी तोच चेहरा पुन्हा घेतला, छातीच्या वर कापून. वीस प्रती काढल्या. प्रत्येक प्रतीत तेच डोळे वर येत होते आणि प्रत्येक वेळी मला ते बघावं लागत होतं.

शालननं ओला कागद दोन्ही हातांत घेतला. रडली नाही. म्हणाली, "हिचं त्वांड असं का झालंय?"

"फ्लॅश डोळ्यावर आला असंल."

"मे म्हयन्यात येत न्हाय म्हणत हुती. तुम्ही ऐकलासा न्हाय." एवढं बोलून तिनं पदरानं फोटोचं पाणी टिपलं. मी तिला काही सांगितलं नाही. एक डझन प्रती चौकीत दिल्या, बाकीच्या घेऊन स्कूटर काढली.

मोठ्या स्टँडवर काही नाही. रंकाळ्याच्या स्टँडवर काही नाही, काही नाही, मग एका कंडक्टरनं फोटो हातात घेतला आणि उजेडाकडं धरला. "ही व्हय? ही काल बावड्याच्या गाडीत हुती की! गगनबावड्याला उतरली. खिडकीची जागा पायजे म्हणून भांडली माझ्यासंगट."

"कोण होतं बरोबर?"

"कोण न्हवतं. एकटीच."

"परत?"

"परत कुठली? मी दुपारी आलो आणि मागनं रस्त्यावर झाडं पडली. तारा, फोन, समदं तुटलंय तिकडं. गाड्या बंद हायत."

कंडक्टर पुढंही काहीतरी बोलत होता, मी ऐकलं नाही. एकटी मुलगी, पावसात, बंद पडलेल्या गावात, एक रात्र. डोक्यात जे जे येत होतं ते लिहिण्यासारखं नाही. बावड्याच्या वाटेवर साळवणच्या पुढं लोक करवतीनं झाडं कापत होते, मी स्कूटर उचलून फांद्यांवरून काढली. पाऊस तोंडावर आपटत होता. वाटेत कुणीही पुरुष दिसला, छत्रीतला, बैलामागचा, की मी त्याचे हात बघायचो. घड्याळ आहे का, अंगठी आहे का. मला कळत होतं की मी खुळ्यासारखं करतोय, पण नजर हातावरच जायची.

गगनबावड्याच्या स्टँडवर धुकं होतं, मी सांगायचो तसंच. शेजारी पत्र्याचं एक चहाचं हॉटेल. आधी आतून हसण्याचा आवाज आला. मग मला पाय दिसले, चिखलानं माखलेल्या पांढऱ्या सलवारीतले. दीप्ती चुलीजवळ पाटावर बसून एका बाईला कांदा चिरून देत होती आणि कशाला तरी पोट धरून हसत होती. असं हसताना मी तिला कधी बघितलं होतं, मला आठवेना. माझा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं गेला. कॅमेरा नव्हता.

तिनं मला बघितलं आणि हसू गेलं. सुरी खाली ठेवून ती उभी राहिली, मी मारणार म्हणून तिनं हात तोंडापुढं धरले. ते हात बघून मी दारातच खाली बसलो आणि गळा काढून रडलो.

"रडतासा कशाला, पावणं?" ती बाई म्हणाली. चिमणाबाई तिचं नाव, हॉटेल तिचंच. "पोर धड हाय की. गाडी न्हवती म्हणून माझ्याजवळ झोपली. फोन लावत हुती बिचारी घटकाघटकानं, लागंल तवा न्हवं. चहा घ्या."

दीप्ती हळूच जवळ आली. "आण्णा, दुपारच्या गाडीनं परत येणार होतो मी. तुम्हांस्नी कळायच्या आत." तिनं ओढणीला हात पुसले. "मला एकटीला कुठंतरी जाऊन यायचं हुतं. नुसतं. धुकं बघायला."

मी मान हलवत होतो. तिनं विचारलं, "पण मी हितं हाय हे कसं कळालं?"

मी खिशातून फोटो काढला. भिजून कडा वर वळल्या होत्या. खिशात दुसराही होता, न कापलेला, तो मी आतच दाबून धरला. तिनं हातातला फोटो चुलीच्या उजेडात नेला. ओळखपत्रावरचा सोडला तर स्वतःचा फोटो ती सात वर्षांनी बघत होती. मला वाटलं, निदान म्हणेल, चांगला आलाय.

तिनं फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं, मी कापलं होतं तिथं, आणि ते बोट कडेवरून सावकाश फिरवलं.

"हे खालचं तुम्ही आज बघितलासा?"

"आज बघितलं. दीप्ती, मला दिसलं न्हवतं गं. मी समोर हुतो, पण शपथ घेऊन सांगतो, मला दिसलंच न्हवतं. तू एकदा सांगायचं हुतंस. एकदा तरी सांगायचं हुतंस मला."

तिनं फोटो माझ्या हातात परत दिला. आवाज चढला नाही तिचा.

"मी हात खाली घेतलता की, आण्णा."